लिव्हरचं रक्ताला कळतं का?

ऑपरेशनच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. सकाळी ते शेवटचं झालं.

पित्ताशयात खडे झाले होते. मुलुंडला घराजवळच्याच एका नर्सिंग होममध्ये दाखल झाले होते. रात्रीपासून उपाशी, हिरवा गाऊन घालून तयार. तेवढ्यात सिस्टर आली. "ताई, तुमचं दुपारी घेणार. बाकीच्यांचं झाल्यावर."

"का हो?"

"सर सांगतील."

जाता जाता तिने माझ्या कॉटच्या पायाशी एक पिवळं स्टिकर चिकटवलं. शेजारच्या कॉटवरच्या आजींची सून पुढे वाकून ते वाचू लागली. मग सासूच्या कानाशी जाऊन म्हणाली, "एड्ससारखं काहीतरी असतं ते." तिला वाटलं असेल, मला ऐकू गेलं नाही. थोड्या वेळाने तिने दोन कॉटच्या मधला पडदा ओढून घेतला.

सर्जन आले. माझा नवरा मिलिंद तिथेच उभा होता. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनआधी आम्ही सगळ्यांचं रक्त तपासतो. तुम्हाला हेपॅटायटिस बी आहे. घाबरू नका, ऑपरेशन होईल. फक्त तुमच्यानंतर थिएटर नीट साफ करावं लागतं, म्हणून शेवटी."

साफ. माझं मुलुंड पूर्वेला छोटं ब्युटी पार्लर आहे. अठरा वर्षं मी लोकांना साफ, नीटनेटकं करून घरी पाठवत आले. तो शब्द माझ्याबद्दल असा वापरला जाईल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

हे लिहितेय ते ज्यांच्या हातात नुकताच असा रिपोर्ट पडलाय त्यांच्यासाठी. औषधांचं काही माझ्याकडून ऐकू नका, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. मला लाजेबद्दल सांगता येईल. तिची मला चांगली ओळख झाली आहे.

मिलिंदचा प्रश्न

ऑपरेशन व्यवस्थित झालं. मग आम्हाला एका मोठ्या हॉस्पिटलच्या लिव्हर विभागात पाठवलं. तिथल्या डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी नीट समजावलं. हा आजार जेवणातून, ताटावाटीतून, हात हातात घेण्यातून पसरत नाही. रक्तातून पसरतो, दूषित सुईतून पसरतो, जन्माच्या वेळी आईकडून बाळाला होतो. आणि नवरा-बायकोच्या संबंधातून.

शेवटचं वाक्य त्यांनी बाकीच्यांसारखंच सहज उच्चारलं. मिलिंद मात्र खुर्चीत सावरून बसला.

घरी आल्यावर तो रोजच्यासारखाच वागत राहिला. भाजी आणली, रेवाला क्लासला सोडलं, माझ्या गोळ्या काढून दिल्या. रेवा आमची मुलगी, तेव्हा नुकतीच अकरावीत गेलेली. असे बरेच दिवस गेले. मग एका रविवारी मी पोळ्या लाटत असताना तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"सुजाता, रागवू नकोस. पण हे कुठून आलं असेल गं?"

मी लाटणं खाली ठेवलं. "तुला काय विचारायचंय ते सरळ विचार ना."

"तसं नाही."

"तसंच आहे."

खरं सांगते, मला राग आला नाही. मलाच मी संशयास्पद वाटायला लागले होते. आपण कुठे काय केलं, कधी केलं, असं मी आठवत बसायचे. काही केलेलंच नव्हतं, तरी उलटतपासणी चालू.

उत्तर त्याच्याच रक्तात निघालं. मॅडमनी त्याची तपासणी करायला लावली होती. त्याच्या अंगात विषाणू नव्हता, पण पूर्वी कधीतरी तो होऊन गेल्याच्या खुणा होत्या. मॅडमनी विचारलं, "तुम्हाला कधी कावीळ झाली होती का?"

मिलिंद माझ्याकडे बघायला लागला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याला जबरदस्त कावीळ झाली होती. सासूबाईंनी कुठूनशी काविळीची माळ आणून त्याच्या डोक्यात घातली होती. ती जसजशी लांब होत खाली उतरेल तसतशी कावीळ उतरते म्हणतात. मी त्याला उसाचा रस पाजत होते, पथ्याचं करून घालत होते, रात्र रात्र उशाशी बसत होते.

ती माझ्याकडूनच त्याला गेली होती.

"मोठ्या माणसाला झाला तर शरीर बहुतेक वेळा परतवून लावतं," मॅडम म्हणाल्या. "लहानपणी झाला तर तो राहून जातो. तुम्हाला बहुतेक जन्मापासून आहे. तुमच्या आईंचं रक्त तपासून घ्या. आणि मुलीचं."

बाहेर आल्यावर मिलिंदने माझा हात धरला. "सॉरी यार," म्हणाला. त्याचा संशय गेला होता, हलका झाला होता बिचारा. मला मात्र त्याच्या डोळ्याला डोळा देता येईना. मघापर्यंत निदान मी निर्दोष तरी होते.

आई

आई कांदिवलीला माझ्या भावाकडे असते. गिरणगावातल्या चाळीतून तिकडे गेली त्याला जमाना झाला, पण मालवणी तिच्या जिभेवरून हललेली नाही. रक्ताची तपासणी कशाला, हे मी तिला नीट सांगितलंच नाही. "रुटीन आहे गं," एवढंच म्हटलं. रिपोर्ट आला तेव्हा मात्र सांगावं लागलं. तिलाही होता. पंचाहत्तर वर्षं तो तिच्या अंगात गपचूप पडून होता, तिला त्याने कधी काही केलं नव्हतं.

ती पदराचं टोक चाचपत बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्याकडसून इला काय गो तुका?"

"अगं, तेव्हा कोणाला माहीत होतं? तपासण्याच नव्हत्या."

"पण माझ्याकडसूनच ना?"

मी तिचा रिपोर्ट घडी घालून पर्समध्ये ठेवला. पुढच्या वेळी गेले तर आई स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात पाटावर बसून जेवत होती. वहिनी वैतागली होती. "बघा ना ताई, ऐकतच नाहीत. स्वतःचं ताट वेगळं, पेला वेगळा. नातवाला जवळ घेत नाहीत. मी काय सांगितलंय का त्यांना असं करायला?"

आईवर ओरडायला मी तोंड उघडलं आणि गप्प बसले. कारण मी माझ्या घरी तेच करत होते. माझा टॉवेल वेगळ्या दांडीवर, माझे कपडे वेगळे धुवायचे, रेवाने माझ्या ताटातला घास घेतला की ताट बाजूला ओढायचं. मॅडमनी स्पष्ट सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. पण ठाऊक असणं आणि हाताने तसं वागणं यांत फार अंतर असतं.

रेवा

मुलीचं रक्त तपासून घ्या, असं मॅडम म्हणाल्या होत्या. मी दोन महिने टाळलं. आधी तिची परीक्षा होती, मग गणपती, मग तिला सर्दी झाली. खरं कारण सांगायची गरज नाही, ज्यांना मुलं आहेत त्यांना ते कळेल.

शेवटी मिलिंद तिला घेऊन गेला. रेवालाही होता. जन्मल्या जन्मल्या द्यायची लस तिला दीड महिन्याने मिळाली होती. गरोदरपणात माझं रक्त या आजारासाठी कोणी तपासलंच नव्हतं, मग घाई करायची हे कोणाला सुचणार?

मी तिच्या खोलीत गेले. कसं सांगायचं याची तयारी केली होती, ती पहिल्या वाक्यातच विस्कटली आणि मी रडायला लागले.

"मम्मी, रडू नकोस. मला राग येतो," ती म्हणाली. "पप्पांनी सांगितलंय मला सगळं. म्हणून तू माझा टॉवेल वेगळा ठेवत होतीस?"

"माझा वेगळा ठेवत होते."

"तेच ते. मला वाटलं माझ्या पिंपल्सची तुला घाण वाटते." तिने उशी मांडीवर ओढली. "दोन महिने, यार. विचारलं असतं तर सांगितलं असतंस का?"

मी नाही म्हणाले. निदान तेवढं तरी खरं बोलले.

तिचं लिव्हर चांगलं होतं. मॅडम म्हणाल्या, तिला आत्ता औषध नको, फक्त ठरावीक काळाने तपासत राहायचं. माझं तसं नव्हतं. माझ्या लिव्हरला सूज होती, विषाणू भरपूर होता. उपचार सुरू करायला हवे होते.

सुई

दोन रस्ते होते. एक, रोजची गोळी, बहुधा वर्षानुवर्षं. दुसरा, इंटरफेरॉन नावाचं इंजेक्शन, आठवड्यातून एकदा, जवळपास वर्षभर. त्रास जास्त, पण लागू पडलं तर कदाचित कायमची सुटका.

"कोणाला लागू पडेल हे आधी सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "लिव्हरच्या पेशींवर या औषधाचे रिसेप्टर असतात. औषध तिथे जाऊन चिकटलं तरच पेशीला निरोप कळतो की विषाणूशी लढायचंय. काहींच्या लिव्हरवर ते भरपूर असतात, काहींच्या कमी. लिव्हर किती कडक झालंय ते आता मशीनवर कळतं. पण रिसेप्टर बघायचे तर लिव्हरचा बारीकसा तुकडा काढावा लागतो. आणि असा तुकडा सारखा सारखा कसा काढणार?"

मग त्यांनी त्यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. तेच रिसेप्टर रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरही असतात. लिव्हरवरचे कमीजास्त झाले की रक्तातलेही तसेच होतात का, हे त्यांना ताडून पाहायचं होतं. त्यासाठी काही पेशंट हवे होते, जे सुरुवातीला एकदा लिव्हरचा तुकडा देतील, मध्ये एकदा देतील, आणि दर महिन्याला रक्त देतील.

"म्हणजे लिव्हरचं रक्ताला कळतं का, ते बघायचंय," मी म्हटलं.

त्या हसल्या. "अगदी तसंच. पण ताई, उपचारासाठी या तुकड्याची तुम्हाला गरज नाही. नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही. विचार करून सांगा."

"पुढे माझ्या मुलीला औषध लागलं तर तिचं नुसत्या रक्तावर भागेल का?"

"तसं वचन मी देणार नाही. अभ्यास आहे. कदाचित भागेल, कदाचित काहीच हाती लागणार नाही."

मी हो म्हटलं. मिलिंदला वाटलं मी धीराची बाई आहे. धीर कसला! मला कुठेतरी काहीतरी फेडायचं होतं. सुई टोचून घेतली की फिटेल असं वाटत होतं.

तुकडा काढायच्या दिवशी आई आली. भावाला घेऊन, कांदिवलीहून टॅक्सी करून, सकाळी सकाळी. मला वॉर्डात नेणार तेवढ्यात ती मॅडमच्या समोर जाऊन उभी राहिली. हात जोडलेले.

"बाईनू, हिका टोचू नकात. माझो तुकडो घेवा. ह्या सगळा माझ्याकडसूनच इलासा."

आजूबाजूचे लोक बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, गप ना गं," मी दातओठ खात म्हणाले.

मॅडमनी हातातली फाइल खाली ठेवली. आईचे जोडलेले हात स्वतःच्या हातात घेतले. हातमोजे न घालता. "आजी, तुम्हाला तरी कोणाकडून तरी आलंच असेल ना?"

"माझ्या आवशीकडसून आसतला," आई म्हणाली. म्हणजे माझ्या आजीकडून.

"तिच्यावर राग आहे तुमचा?"

"तिच्यार कित्याक राग? ती बिचारी..." आई बोलता बोलता थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी आमच्यासोबत आलेल्या रेवाकडे पाहिलं. रेवा मोबाइलमध्ये बघत होती, किंवा बघतेय असं दाखवत होती.

सुईचं फार काही सांगण्यासारखं नाही. उजवा हात डोक्याखाली, श्वास बाहेर सोडून तसाच रोखायचा, कोणीतरी बरगड्यांच्या मध्ये जोरात बुक्का मारल्यासारखं वाटतं, झालं. नंतर उजव्या कुशीवर तासन्‌तास पडून राहायचं. दुखतो तो खांदा, का कोण जाणे. आई माझा खांदा चेपत बसली. त्या दिवशी घरून आणलेल्या माझ्या बाटलीतलं पाणी ती माझ्याच पेल्यातून प्यायली. माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही.

थायरॉईड

इंजेक्शन शुक्रवारी संध्याकाळी, पोटावर, माझं मीच घ्यायचे. रात्री थंडी वाजून ताप यायचा, शनिवारी हाडं ठणकायची. आणि शनिवार-रविवार म्हणजे पार्लरच्या गर्दीचे दिवस. मॅडमनी सांगितलं होतं, काम करा, हातावर जखम असेल तर झाका, ग्लोव्ह्ज वापरा, ब्लेड प्रत्येकीला नवं. ब्लेड मी पहिल्यापासून नवंच वापरते. तरी मी वॅक्सिंग आणि थ्रेडिंग माझ्या मदतनीस मुलीवर सोपवलं आणि स्वतः फक्त मेंदी आणि फेशियल करायला लागले.

मग केस गळायला लागले. पार्लरवालीचे केस! एक जुनी गिऱ्हाईक आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "सुजाता, आम्हाला हेअर स्पा घ्यायला सांगतेस आणि तुझ्याच केसांची वाट लागलीय की गं."

"थायरॉईड," मी म्हणाले.

"अय्या, मलापण!" म्हणून ती सुरू झाली, कुठली गोळी, किती पॉवरची, उपाशीपोटी घ्यायची. आजूबाजूच्या दोघीही बोलायला लागल्या. थायरॉईड, शुगर, बीपी कसं मोठ्याने सांगता येतं, हळदीकुंकवाला सांगता येतं. मी सगळ्यांना थायरॉईड सांगत सुटले. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडायचे. हे इंजेक्शन मनही खाली ओढतं, असं मॅडमनी आधी बजावलं होतं. तुमच्या बाबतीत तसं झालं तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. मी उशिरा सांगितलं, तेही मिलिंदने सांगायला लावलं म्हणून.

दर महिन्याला रक्त द्यायला जायचे. नळ्या भरल्या की लगेच बर्फाच्या डब्यातून वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये जायच्या. मी खाली कॅन्टीनमध्ये चहा घेत बसायचे. वर माझ्या पेशींना काय विचारतायत आणि त्या काय सांगतायत, याचा विचार करत. शाळेत निकालाची वाट बघत बसायचे, तशी.

अर्धं वर्ष उलटल्यावर दुसऱ्यांदा तुकडा काढला. मग मॅडमनी बोलावलं. मिलिंद सोबत होता.

"इंजेक्शन थांबवूया," त्या म्हणाल्या. "विषाणू हवा तसा कमी होत नाहीये. तुमच्या लिव्हरवर रिसेप्टर पहिल्यापासून कमी होते, आता आणखी कमी झालेत. रक्तातल्या पेशींनीही तेच दाखवलं, जवळजवळ सुरुवातीपासून."

"सॉरी मॅडम," मी म्हणाले.

"कशाबद्दल?"

त्यांनी एवढी मेहनत घेतली आणि माझं लिव्हर नापास झालं, याबद्दल. मिलिंदने रजा काढल्या त्याबद्दल. आईबद्दल, रेवाबद्दल, त्या पिवळ्या स्टिकरबद्दल.

मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमच्या बाबतीत रक्त खरं बोललं. आम्हाला तेच हवं होतं. सगळ्यांच्या बाबतीत तसं होत नाहीये, काहींचं रक्त एक सांगतं आणि लिव्हर दुसरंच. म्हणून अजून पुष्कळ लोक बघावे लागतील. पण यात तुमचं चुकलं काय?"

मी गोळ्यांवर गेले. गोळ्या मला मानवल्या. काही महिन्यांत विषाणू जवळजवळ दिसेनासा झाला, सूज उतरली, केस परत आले. गोळी रोज घ्यायची आहे, बहुधा कायमची. बरी झाले असं नाही म्हणता येणार. पण माझं चांगलं चाललंय.

खुर्ची

लाज मात्र त्या गोळीने उतरत नाही. तिचं काय करायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आता जे घडलं तेवढं सांगते.

गेल्या महिन्यात रेवाची अक्कलदाढ काढायची होती. आमच्याच भागातला दातांचा दवाखाना, बाहेर छोटीशी खोली, पाच-सहा बायका आणि एक काका बसलेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काही आजार, ॲलर्जी?" मी उठून तिच्या कानाशी जाऊन सांगणार होते. त्याआधीच रेवा जागेवरूनच म्हणाली, "हेपॅटायटिस बी आहे. लिव्हर ओके आहे. औषध चालू नाही."

रक्तगट सांगावा तसं. ना मोठ्याने, ना हळू.

आणि मी काय केलं? मी पटकन इकडेतिकडे पाहिलं, कोणी ओळखीचं आहे का. रेवाने मला तसं बघताना पाहिलं. तिचं नाव पुकारलं तशी आत गेली.

माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "मुलगी तुमची?"

"हो."

"काय झालंय म्हणाली तिला?"

थायरॉईड माझ्या जिभेवर येऊन उभा राहिला होता. अगदी ओठांपर्यंत. मी तो गिळला.

"हेपॅटायटिस बी. माझ्याकडून आलाय तिला. मलाही आहे. शेजारी बसून नाही होत कोणाला."

"नाही नाही, तसं काही नाही हो," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करून उठल्या आणि समोर पंख्याखाली जाऊन बसल्या. माझे कान तापले. पाय उठून बाहेर जायला सांगत होते. मी बसून राहिले. समोरच्या काकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. दुसरं काही झालं नाही.

बऱ्याच वेळाने रेवा बाहेर आली. गाल सुजलेला, तोंडात कापूस. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ती येऊन धपकन त्यात बसली, डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि बधिर जिभेने काहीतरी म्हणाली.

"काय गं?"

तिने परत सांगितलं. यावेळी कळलं. तिला आइस्क्रीम हवं होतं.